तीन पायऱ्यांपुरती खडी

'दगडापेक्षा वीट मऊ' असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने दोन्ही तपासून म्हटलं असेल का, याबद्दल तपासनिसांना शंका होती. शंका हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात काढली. निवृत्त झाल्यावर बेरजा गेल्या, शंका मात्र शिल्लक राहिल्या आणि त्या घरच्या खात्यावर आल्या. साबणाच्या वडीवर छापलेलं वजन खरं आहे का ते पाहणं, काडेपेटी विकत घेण्याआधी कानाशी हलवून ऐकणं, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं ही सगळी त्यांची कामं. औषध आई घ्यायची. त्या कागदातले दुष्परिणाम तपासनिसांना व्हायचे. गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तपासनीस म्हणजे तपासनीस.

तर अशा माणसाला घरासमोर एक उतार बांधायचा होता. फार मोठा नव्हे. पुढच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, तेवढ्यापुरता.

कारण आई. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती. खुर्ची घरभर फिरे आणि पुढच्या दाराशी येऊन थांबे. त्या तीन पायऱ्यांपलीकडे रस्ता होता आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोरच्या खिडकीत, आईची धाकटी बहीण बसलेली असे. मावशीचे गुडघे कामातून गेले होते. ती काठी टेकत रस्ता कसाबसा ओलांडू शकली असती, पण पायऱ्या चढणं तिला जमत नव्हतं. दोघी बहिणी दिवसभर आपापल्या खिडकीत बसून एकमेकींना पाहत. मध्ये गाड्या. मावशीला ऐकू कमी, त्यामुळे फोनवर ती फक्त "हो हो, जेवले" एवढंच म्हणायची, विचारलेलं काहीही असो.

"समोर बसून कंटाळा आला रे," आई एकदा म्हणाली. "मला तिच्या शेजारी बसायचंय. तिच्या कानात एक सांगायचंय."

"मला सांग, मी सांगून येतो."

"तुला सांगण्यासारखं असतं तर एवढी वाट कशाला पाहिली असती?"

"मग उचलून नेतो तुला. चौघं मिळून खुर्चीसकट."

आईने ठाम नकाराने मान हलवली. "चौघांनी उचलायचं ते एकदाच असतं, बाळ. आणि तेव्हा मी बघायला नसेन. त्याआधी मला कोणी उचलायचं नाही."

साठी उलटलेल्या माणसाला 'बाळ' म्हणणारी आई ज्याच्या घरी आहे, त्याने तिच्याशी वाद घालू नये. मावशीला उचलून आणावं, हा विषय तिच्या सख्ख्या मुलानेही कधी काढला नव्हता. मावशीचं वजनच तसं होतं.

"एखादी जाड फळी टाका ना पायऱ्यांवर," बायको म्हणाली. तिने हे पोळपाट पुसता पुसता म्हटलं, म्हणून तपासनिसांनी ते मनावर घेतलं नाही. वास्तविक या कथेतला शहाणपणाचा सगळा जमाखर्च इथेच मिटत होता.

"फळी?" ते म्हणाले. "फळीचा काय भरवसा? मधोमध मोडली तर? काम करायचं तर पक्कं करायचं."

गवंडी आला, त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, आणि दीड दिवसाचं काम आहे म्हणाला. "वाळू-खडी टाकून घ्या, साहेब. सिमेंट आयत्या वेळी आणू. बाईसाहेब आठवड्याभरात खाली."

खडी आली, दारासमोर तिचा ढीग पडला, बाजूला वाळूचा. आई खिडकीतून ढिगाकडे अशी पाहू लागली, की जणू तो ढीगच तिला न्यायला आला आहे. पलीकडच्या खिडकीतून मावशीने हात हलवला. सगळं सुरळीत होतं. आणि मग अनुभवी आले.

अनुभवी म्हणजे डावीकडचे शेजारी. 'अनुभवाने सांगतो' असं म्हटल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. त्यांचा अनुभवही खोटा नव्हता. त्यांच्या घराची गच्ची गळत होती, ओटा खचला होता, कुंपणाची भिंत रस्त्याच्या बाजूला कललेली होती. एवढं सगळं एकट्याने बिघडवायला अनुभव लागतोच. त्यांनी ढिगातला एक दगड उचलला, उन्हात धरला आणि हुंगला.

"तपासनीस, अनुभवाने सांगतो. ही खडी चपटी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलीच. माझ्या ओट्याला हीच होती. आईची खुर्ची मधोमध आली आणि..." पुढचं त्यांनी तळहात उलटा करून दाखवलं.

त्याच संध्याकाळी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक घरी आलं. तपासनीस ते उंबऱ्यातच वाचायला बसले. काँक्रीटचा बहुतेक भाग हा खडी आणि वाळूचाच असतो, सिमेंट नुसतं धरून ठेवतं, हे वाचून त्यांना धक्का बसला. इतकी वर्षं त्यांनी उगाच सिमेंटला मान दिला होता. घरातही तसंच असतं म्हणा. धरून ठेवणाऱ्याचं नाव होतं आणि भार वाहणारे ढिगात जातात. पण हा विचार त्यांनी बायकोला बोलून दाखवला नाही, कारण दोन्ही बाजूंना तीच निघाली असती.

दुसऱ्या दिवशी गवंडी थापी घेऊन आला, तेव्हा तपासनिसांनी त्याला दारातच अडवलं. "थोडं थांब. खडी तपासायची आहे."

"खडी?" गवंडी म्हणाला. "साहेब, तीन पायऱ्या आहेत. धरण नाही."

"धरणावरून माझी आई जाणार नाहीये."

गवंडी थापी घेऊन तसाच दुसऱ्या कामावर निघून गेला. गवंडी एकदा दुसऱ्या कामावर गेला की तो परत कधी येतो, याचा नियम कुठल्याही पुस्तकात नाही.

घराची प्रयोगशाळा झाली. बायकोची सर्वांत मोठी काचेची बरणी वाळूने आणि पाण्याने भरली, हलवली, आणि गाळ किती वर बसतो ते पाहायला खिडकीत ठेवली. चाळणी गेली. वजनाचा काटा गेला. आई मात्र खुशीत होती. पुढ्यात ताट घेऊन ती दाणे निवडल्यासारखी खडी निवडत बसली आणि मुलगा पुस्तकातून वाचून प्रकार सांगत गेला.

"हा गोल गोटा. नदीतला. गुळगुळीत असतो म्हणून सिमेंटला नीट धरत नाही."

"तुझा धाकटा काका," आई म्हणाली आणि तो ताटाच्या कडेला ठेवला.

"हा लांबुडका. आडवा दाब आला की तुटतो. आणि हा चपटा. दिसायला ऐसपैस, पण भार आला की मोडतो."

"तुझी आत्या."

"आणि ही चांगली खडी. फोडलेली, टोकदार. हाताला टोचते, पण एकमेकांत अडकून बसते. सुटत नाही."

आईने तो दगड बराच वेळ हातात धरला. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "कळलं."

दगड पाणी किती पितो त्याची चाचणी सर्वांत अवघड निघाली. दगड एक रात्र बादलीत भिजवायचे, मग एकेक दगड पंच्याने पुसायचा, आणि नेमका अशा क्षणी तोलायचा की आतून तो ओला असेल पण वरून ओला दिसणार नाही. बायकोचा नवा पंचा यात खर्ची पडला.

"आतून ओलं आणि वरून कोरडं?" तिने विचारलं. "हे कसं जमायचं दगडाला?"

"तेच तर शास्त्र आहे."

"यात कसलं शास्त्र? घरात रडून झाल्यावर चारचौघांत जाताना बायका असतात, तसं," ती म्हणाली आणि उरलेले दगड तिनेच भराभर पुसून दिले.

मग आघाताची चाचणी. ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन खडीवर टाकायचं आणि किती चुरा होतो ते पाहायचं. तपासनिसांनी मधल्या खोलीत, स्टुलावर उभं राहून, दाराला अटकाव म्हणून ठेवलेला लोखंडी ठोकळा सोडला. खडी उडून कपाटाखाली गेली. फरशी आरपार तडकली. फरशी नापास झाली एवढाच त्यातून निष्कर्ष निघाला. पण फरशीची चौकशी कोणी मागितली नव्हती.

"अनुभवाने सांगतो," अनुभवी खिडकीतून म्हणाले, "हे घरी होत नसतं. प्रयोगशाळेत नमुना द्या."

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणण्याची ही वेळ होती. तपासनीस म्हणाले, "पत्ता द्या."

नमुना घेण्याचीही रीत असते. ढिगातून वरचे चार खडे उचलले असं चालत नाही. वरचं नेहमी बरं असतं, दुकानदाराच्या टोपलीतलं असतं तसं. सगळा ढीग कालवायचा, चपटा करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन घ्यायचे आणि दोन बाजूला सारायचे. घेतलेले पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी पिशवीभर उरतं, आणि ते सगळ्या ढिगाच्या वतीने बोलतं. तपासनिसांना ही रीत मनापासून आवडली. भर दुपारी ते भर रस्त्यात फावडं घेऊन भागाकार करत होते. येणारी वाहनं खडीवरून जात होती आणि भागाकारात बाकी सोडत होती. आई खिडकीतून ओरडून सांगत होती, कोणता भाग मोठा झालाय ते. समोरच्या खिडकीतून मावशी उलट दिशेला हात करत होती.

ढीग आता ढीग राहिला नाही. तो रस्ता झाला. म्हणून रस्ता विभागाचा कारकून आला.

कारकून नगरपालिकेचा होता. त्याचा आवाज हळू होता आणि त्याला कशाचीच घाई नव्हती. "बांधकाम साहित्य सार्वजनिक रस्त्यावर ठेवायला परवानगी लागते," तो म्हणाला. "आहे?"

"नाही. पण हे साहित्य अजून बांधकामाचं ठरलेलं नाही. तपासणी चालू आहे."

कारकुनाने विचार केला. नोकरीत त्याला अनेक उत्तरं मिळाली होती. हे नवीन होतं. "मग सध्या काय आहे हे?"

"नमुना."

"एवढा?"

"याचाच छोटा करतोय."

"छोटा झाला की कळवा," असं म्हणून तो गेला. जाताना त्याने पुन्हा येणार असल्याचं सांगितलं, आणि तो शब्दाचा पक्का निघाला. दर थोड्या दिवसांनी तो येऊन ढिगाशी उभा राहायचा, चहा घ्यायचा आणि नियम तोच असल्याचं सांगून जायचा.

प्रयोगशाळा शहराच्या टोकाला होती. लांबलचक पत्र्याची शेड, आत सगळीकडे पांढरी धूळ आणि एका कोपऱ्यात मोठं लोखंडी पिंप. त्या पिंपात खडी आणि लोखंडी गोळे एकत्र घालून ते गरगर फिरवतात आणि किती खडी झिजली ते पाहतात. आवाज असा, की तपासनिसांना ऑफिसची आठवण झाली. टेबलाशी बसलेल्या बाईंनी पिशवी उघडली, हात घातला आणि थबकल्या.

"काका, ही खडी एवढी चकचकीत कशी?"

"धुतलीय," तपासनीस अभिमानाने म्हणाले. "दोनदा."

"का?"

मळकी वस्तू दुसऱ्याच्या दारात न्यायची नसते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोने मिळून, ओट्यावर बसून, तो सगळा नमुना घासून धुतला होता. बायकोने वर इस्त्रीची पिशवी दिली होती. डॉक्टरकडे जाताना माणूस आंघोळ करून जातो, तसं.

"तिच्यावर धूळ किती, माती किती, हेच तर आम्ही बघतो," बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि त्या ते दाबत होत्या, हेच तपासनिसांना जास्त लागलं. "तुम्ही तिला नटवून आणलीत. आता ही ढिगाच्या वतीने काहीच बोलणार नाही. जशी आहे तशी घेऊन या."

परतताना ती स्वच्छ पिशवी मांडीवर घेऊन तपासनीस बसमध्ये बसले होते. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचे आकडे धुऊन आणलेले पकडले, त्याला आज कोणीतरी पकडलं होतं. मांडीवरचं वजन खडीचं नव्हतं.

घरी पोचले तर मावसभाऊ आलेला. हा मावशीचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला असे. खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, "दादा, घर विकलं. आईला महिनाअखेरीला माझ्याकडे नेतोय. एकटीला ठेवणं आता जमत नाही. आणि एवढ्या लांबून पुन्हा आणणं, खरं सांगायचं तर, होईल असं वाटत नाही."

आई बरणीतल्या वाळूकडे पाहत होती. वाळू खाली बसली होती आणि गाळ वर थर धरून होता.

"अहो, ती फळी," रात्रीची भांडी आवरताना बायको हळूच म्हणाली.

"महिनाअखेर म्हणजे भरपूर वेळ आहे," तपासनीस म्हणाले. "आता तर घाई करून चालणारच नाही. शेवटची भेट आहे. त्यात खुर्ची उलटली तर?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ अजून जळायचाच होता.

दुसरा नमुना, न धुतलेला, गेला. पिंप फिरवणारा माणूस रजेवर होता. तो आला तेव्हा पिंपाचा पट्टा तुटलेला होता. पट्टा आला, अहवाल आला: खडी मजबूत आहे, पण चपट्या दगडांचं प्रमाण जास्त; वाळूत गाळ. अनुभवींनी अहवाल हातात घेतला नाहीच. "मी हुंगूनच सांगितलं होतं," ते म्हणाले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा त्यांचा चेहरा होता.

दुसरी खडी मागवली. पहिलीचा नापास ढीग उचलून न्यायला खडीवाला तयार होईना. "विकलेली खडी आणि दिलेली मुलगी परत घेत नसतात," तो फोनवर म्हणाला. त्यामुळे आता दारात दोन ढीग, आणि कारकुनाच्या चकरा दुप्पट. पुन्हा कालवणं, पुन्हा भागाकार, पुन्हा बस. आईने या वेळी ताट मागितलं नाही. ती नुसती बसून असायची. समोरच्या खिडकीतलं सामान कमी होत होतं. आधी कपाट गेलं, मग भिंतीवरचं घड्याळ गेलं, मग पडदा. पडदा गेल्यावर मावशी जास्त स्पष्ट दिसू लागली.

अखेर अहवाल आला. खडी पास. वाळू पास. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. तपासनिसांनी तो घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि गवंड्याला तीन कामांवरून शोधून, जवळपास हाताला धरून आणलं. महिनाअखेरीला अजून थोडे दिवस होते. घरातल्या नि शेजारच्या होत्या नव्हत्या तेवढ्या फळ्या साच्याला ठोकल्या गेल्या. घरच्या लोकांना ये-जा करायला पायऱ्यांची एक अरुंद पट्टी तेवढी मोकळी ठेवली, बाकी सगळ्यावर उतार. सकाळी माल पडला. जेवणवेळेपर्यंत गवंड्याने त्यावर असा हात फिरवला की त्यात तोंड दिसावं.

"आठवडाभर पाणी मारा. पोती ओली ठेवा. तोवर मांजरसुद्धा जाऊ देऊ नका," तो हत्यारं धुता धुता म्हणाला.

तपासनीस उताराशेजारी खुर्ची टाकून बसले. अनुभवी शेजारी आपल्या फाटकाशी होते. कारकूनही आलेला होता, नापास ढिगाबद्दल विचारायला. कितीतरी दिवसांनी तपासनिसांना बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी समोर एक टेंपो येऊन थांबला. मागे एक गाडी.

मावसभाऊ धावत रस्ता ओलांडून आला. "दादा, टेंपो आजचाच मिळाला. पुढच्या आठवड्यात मिळत नव्हता. निघतोय आम्ही. आईला म्हटलं दारातूनच हात कर, तर ती ऐकेना."

त्याच्यामागून मावशी येत होती. काठी टेकत, थांबत, पुन्हा काठी टेकत. रस्त्यातली वाहनं थांबली. तिने चांगलं लुगडं नेसलं होतं आणि हातात छोटी पिशवी होती. दारात आईची खुर्ची येऊन टेकली होती. मावशी उताराच्या पायथ्याशी पोचली, वर पाहून हसली, आणि तिने काठी पुढे टेकवली.

"थांबा!" तपासनीस ओरडले. "ओलं आहे!"

ऐकू कमी येणाऱ्या मावशीला एवढं मात्र ऐकू आलं. तिने काठी मागे घेतली. चुकून दुसऱ्याच्या ताटाला हात लावलेल्या मुलीसारखी ती जागच्या जागी उभी राहिली. गुळगुळीत काँक्रीटवर काठीचं एक गोल छिद्र उमटलं होतं. गवंडी सवयीने थापी घेऊन वाकला आणि त्याने ते बुजवून टाकलं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. फळीबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि ते न बोललेलं तपासनिसांना पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिलं.

दोघी बहिणी एकमेकींकडे पाहत होत्या. मध्ये रस्ता नव्हता, गाड्या नव्हत्या. तीन पायऱ्यांएवढा ओला, पास झालेला उतार होता.

"पुन्हा समोरासमोरच की गं," आई म्हणाली.

पलीकडे गाडीवाल्याने भोंगा वाजवला. आईने खुर्चीच्या दांड्यांवरचे हात उचलून मांडीवर घेतले.

"बाळ," ती म्हणाली, "चौघं बोलव."

"आई, तू तर म्हणाली होतीस..."

"काय म्हटलं होतं ते माझ्या लक्षात आहे. बोलव."

चौघं बोलवायला कुठे जावं लागलं नाही. गवंडी होता, अनुभवी होते, कारकून होता, आणि चौथे तपासनीस. पण खुर्चीच्या दोन बाजूंना दोघं दोघं हवेत, आणि मोकळ्या पट्टीवर एकाच बाजूचे मावत होते. दुसऱ्या बाजूच्यांना उतारावरूनच जावं लागणार होतं. गवंडी म्हणाला, "साहेब, आत्ताच हात फिरवलाय. माझा पाय नाही पडायचा त्यावर." कारकून बुटांकडे पाहू लागला.

तपासनिसांनी चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट लावून ठेवल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतारावर पाय टाकला.

पाय घोट्यापर्यंत आत गेला. गार होतं. तळव्याला खडी टोचली. पुढच्या पावलाला पुन्हा टोचली. चपटा दगड एकही नव्हता. सगळी टोकदार, एकमेकांत अडकून बसणारी. इतक्या चाचण्या झाल्या, पण खडी खरोखर चांगली आहे हे त्यांना त्या पावलांत समजलं. मागून अनुभवी कण्हत, त्यांच्याच ठशांत पाय टाकत येत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही सांगायचं नव्हतं.

"डोळे मिटून घेऊ का रे?" वरून आई म्हणाली. "तालीम चालू आहे तर पुरतीच करू."

कारकुनाचा तोल जाता जाता सावरला.

खुर्ची खाली टेकली. मावशीला उभं राहवत नव्हतं. बायकोने तो जुना झालेला नवा पंचा आणून नापास खडीच्या ढिगावर घडी करून घातला आणि मावशी त्यावर बसली. चपटी खडी तिच्या भाराने करकरली, पण सरकली नाही. आईची खुर्ची शेजारी लावली. दोघी रस्त्याकडे तोंड करून बसल्या. मग आईने मावशीच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. बरंच सांगितलं. मावशीने एकदा मान हलवली, एकदा तोंडाला पदर लावला, आणि शेवटी म्हणाली, "मला ठाऊक होतं."

ते काय होतं, हे कोणालाच कळलं नाही. तपासायला काही साधनही नव्हतं.

भोंगा पुन्हा वाजला. आईने मावशीच्या कपाळावरची बट कानामागे सारली. कारकून ज्या ढिगाबद्दल आला होता त्याच्याच शेजारी उभा होता. त्याने त्या दिवशी नियमाचा विषय काढला नाही.

गाडी गेल्यावर चौघांनी आईला पुन्हा वर नेलं, त्याच ठशांतून. तपासनिसांचे पाय सिमेंटने भाजले होते आणि सोलवटून निघाले. पुस्तकात त्याचीही सूचना होती, पण ती पुढच्या प्रकरणात. बायकोने मलम लावलं.

"ठसे भरून देतो," गवंडी दुसऱ्या दिवशी म्हणाला. तपासनीस "नको" म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. गवंड्याला काम संपवायचंच होतं. आठवडाभर पोती ओली ठेवली. उतार दगडासारखा झाला.

मग एका संध्याकाळी आई म्हणाली, "चल, बघू तुझा उतार." खुर्ची सावकाश खाली उतरली. ठशांपाशी चाक गचकलं, पुन्हा गचकलं. पायथ्याशी येऊन ती समोर पाहत राहिली. समोरच्या खिडकीला नव्या लोकांनी नवा पडदा लावला होता आणि तो ओढलेला होता.

"चांगला झालाय," आई म्हणाली. मग म्हणाली, "ने वर."

वर नेताना चाक पहिल्याच ठशात अडकलं. तपासनिसांनी जोर लावला, खुर्ची मागे सरकली, पुन्हा अडकली. फाटकाशी अनुभवी उभे होते. बरेच दिवस गप्प राहून त्यांची प्रकृती बिघडत चालली असावी.

"अनुभवाने सांगतो, तपासनीस," ते म्हणाले. "खडी कच्ची होती."

सदऱ्याच्या खिशात अहवाल होता. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण असलेला. तपासनिसांनी खिशाकडे हात नेला नाही. दोन्ही हात खुर्चीच्या दांडीला होते. त्यांनी दांडी खाली दाबून चाक आपल्याच पावलातून उचललं आणि पुढे ढकललं.